पुठ्ठ्याच्या कारखान्यातली बीकॉम

शाळेत मधलीच्या नावापुढे निम्मेअधिक दिवस ‘गैरहजर’ लागायचं, आणि ती तर पहिल्याच बाकावर बसलेली असायची. ‘हजर’ म्हणायचं, एवढंच काम. पण आपलं नाव जवळ येऊ लागलं की शब्द ओठांपर्यंत येई आणि तिथूनच माघारी फिरे. तोवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असत. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकातली हजेरी पाहून आईने आधी तिला धोपटलं, मग शाळेत जाऊन बाईंशी भांडण काढलं.

तीन बहिणींतली ती मधली, म्हणून घरात तिला मधलीच म्हणत. थोरलीची जीभ म्हणजे धार लावलेली कात्री, धाकटीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, आणि या दोघींच्या मधे ही, तोंडात मिठाची गुळणी धरून. चांगल्या मार्कांनी बी.कॉम. झाली आणि घरी बसली. म्हणजे लोकांच्या लेखी बसली. खरं तर ती अर्ज करत होती, बोलावणी येत होती, इस्त्रीचे कपडे घालून ती जातही होती. एका कचेरीत दाराशी बसणारी मुलगी फोनवर बोलत होती. तिला मधेच कसं अडवायचं म्हणून मधली भिंतीला टेकून उभी राहिली. तो फोन संपतो तोच दुसरा आला. दुसरा संपला तेव्हा हिची वेळ टळून गेली होती. आणखी एके ठिकाणी तिघे साहेब ओळीने बसले होते. मधले म्हणाले, ‘‘स्वतःबद्दल काही सांगा.’’ हिने टेबलाच्या कडेकडे बघत ‘‘नाही’’ म्हटलं. एक साहेब हसले, आणि ते हसू पुढे कित्येक आठवडे तिच्या कानात राहिलं.

‘‘बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात,’’ थोरली म्हणायची. ‘‘आमच्या घरी गव्हाचं कोठार आहे बाई!’’

‘‘तिला कुठे नोकरी करायचीय,’’ आई म्हणायची. ‘‘करायची असती तर तोंड उघडलं असतं. मोती सांडणार आहेत का?’’

मधलीला राग यायचा. आईचा, थोरलीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या घशाचा. उत्तरं तिच्याकडे असत, एकापेक्षा एक खरमरीत. ती सुचायची मात्र अंघोळीच्या वेळी, दुसऱ्या दिवशी.

शेवटी नोकरी मिळाली ती वडिलांच्या ओळखीतल्या शाईवाल्यामुळे. तो ज्या कारखान्यांना छपाईची शाई पुरवी, त्यांतला एक पुठ्ठ्याच्या खोक्यांचा होता. तिथे बाई हवी होती. मधली गेली, तर फोरमन पंचिंग मशीनपाशीच उभे. ते मशीन छापलेल्या पुठ्ठ्यावर दर दणक्याला खोक्याचा आकार कापी आणि घड्यांच्या रेघा उमटवी. दणका असा, की पायाखालची फरशी हाले. फोरमननी काहीतरी विचारलं. तिला ऐकू आलं नाही. तिने काहीतरी सांगितलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. मग त्यांनी पुठ्ठ्यांची एक थप्पी तिच्यापुढे ठेवली, लाकडी हातोडी दिली, आणि कडेची कातरण ठोकून कशी पाडायची ते करून दाखवलं. तिने ठोकलं. कातरण अखंड निघून खाली पडली, खोक्याची एकही झडप फाटली नाही. फोरमननी बोटांनी खूण केली, उद्यापासून ये.

अशी मुलाखत जगात सगळीकडे का घेत नाहीत, असं तिला वाटलं.

त्या आवाजात बोलणं अशक्यच, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. मूठ डोक्यावर धरली की मशीन थांबव. तळहात उलटासुलटा केला की पुठ्ठा उलटा लागलाय. दंडावर टिचकी म्हणजे मालक आलेत, हसणं बंद. आठवडाभरात मधली हे सगळं शिकली, आणि शेजारी उभ्या असणाऱ्या मावशीशी तिच्या चक्क गप्पा सुरू झाल्या. मावशी वयाने आईएवढी, दातांत फट, हातांची बोटं कागदाने चिरलेली. मशीनवाल्याच्या टकलावर माशी बसल्याची नक्कल ती अशी करी, की मधली हसून हातोडी खाली ठेवी. हिची पदवी कळल्यापासून सगळे तिला ‘बीकॉम’ म्हणू लागले. त्यात टोमणा होता, पण बोचणारा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मशीन थांबे, एकाएकी शांतता पसरे, आणि सगळे बोलू लागत. मग मधली डबा घेऊन रद्दीच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसे. कोणी तिला ओढून आणलं नाही. ‘‘असू दे,’’ मावशी म्हणे, ‘‘ज्याची त्याची जागा.’’

हे असंच चाललं असतं. पण कारखान्याच्या काचेच्या कचेरीत बसणारी मुलगी लग्न करून गेली, आणि फोरमनना आठवलं की आपल्याकडे पदवीवाली एक आहे. ते मशीनपाशी आले, काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं, कानाशी फोन धरल्याची खूण केली आणि तिच्या कानात ओरडले, ‘‘सोमवारपासून तिकडे बस. पगार वाढेल. शनिवारी तुझ्या जागी नवी बाई घेतो. चालेल ना?’’

तिला सगळं स्पष्ट समजलं होतं. नको, नको, नको, असं आत चाललं होतं. आणि मान हलली. होकारार्थी. आयुष्यभर ती तशीच हलत आली होती, कारण हो म्हटलं की समोरचा माणूस जातो. फोरमन गेले.

घरी आनंदीआनंद. ‘‘टेबल! पंखा! काचेची खोली!’’ थोरलीने शेजारीपाजारी सांगून टाकलं. आईने नवे कपडे आणले. वडील एरवी वर्तमानपत्रातून डोकं काढत नसत, तेही ‘‘शाब्बास’’ म्हणाले. आता यांना काय सांगायचं?

काचेच्या खोलीत फोन होता, आणि तो वाजत होता. पहिल्या दिवशी ती कपाटात काहीतरी शोधत असल्यासारखी पाठ करून उभी राहिली, तो थकून बंद पडेपर्यंत. फोरमननी काचेवर टकटक केली. मग उचलावा लागला.

‘‘हॅलो? हॅलो! अहो, आहे का कोणी?’’

‘‘आहे,’’ ती म्हणाली.

तो चपलांचा दुकानदार होता. खोकी गुरुवारी हवी होती. ‘‘गुरुवारी मिळतील ना?’’ तिने ‘‘हो’’ म्हटलं, आणि फोन बंद झाला. सुटली! मग औषध कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्यालाही गुरुवार. हो. मग मेणबत्त्यावाला. हो, हो. ‘विचारून सांगते’ म्हणायचं तर फोरमनकडे जायचं, ते कामात असणार, मधे कसं बोलायचं, आणि परत त्या माणसाला फोन करायचा. त्यापेक्षा हो.

बुधवारी दुपारी मशीन थांबलं आणि मावशी हातात हातोडी घेऊनच कचेरीत घुसली.

‘‘अगं बीकॉम! तू काय सगळ्या जगाला हो म्हणत सुटलीस? एक मशीन, चार हात, आणि तीन गिऱ्हाइकं एकाच दिवशी? काल माझी शेवटची बस गेली, आजही जाणार. घरी सुनेला काय सांगू, आमच्या बीकॉमला नाही म्हणता येत नाही?’’

मागून फोरमन आले. ‘‘काय गं, हे खरं?’’

तिची मान हलू लागली. ती तिने मधेच थांबवली. आतून काहीतरी वर आलं आणि बाहेर पडलं ते नको तितक्या मोठ्याने. ‘‘मला इथं नको, साहेब! मला हे जमत नाही. मला मशीनवर जायचंय.’’

‘‘मग त्या दिवशी हो का म्हणालीस?’’

‘‘तुम्ही विचारलंत म्हणून.’’

फोरमननी मावशीकडे पाहिलं. मावशीने कपाळावर हात मारला. ‘‘मशीनवर शनिवारीच नवी बाई घेतलीय,’’ फोरमन म्हणाले. ‘‘तिला मी शब्द दिलाय. डिंकाच्या टेबलावर, खोकी चिकटवायला, जागा आहे. पगार मशीनपेक्षाही कमी. जायचंय?’’

‘‘हो.’’

‘‘हे खरं हो की तुझं नेहमीचं?’’

‘‘खरं.’’

‘‘मग जा. पण आधी हे निस्तर. चपलावाल्याचा फोन पहिला आला, त्याला गुरुवार. बाकी दोघांना तू सांगायचं, सोमवार. मी नाही सांगणार.’’ आणि ते दारातच उभे राहिले.

मेणबत्त्यावाला खूप बोलला. तुमचं दुकान बंद पडेल म्हणाला, तुमच्यासारख्यांना कोण कामावर ठेवतं म्हणाला, आणि फोन आपटला. नव्या कपड्यांच्या बाहीलाच तिने घाम पुसला. औषधवाला म्हणाला, ‘‘सोमवार? चालेल की.’’ इतकंच. या एवढ्याशासाठी तीन दिवस ‘हो, हो’! तिला हायसं वाटायला हवं होतं, तर उलट संतापच आला. एवढं सोपं होतं तर आजवर कोणी सांगितलं का नाही? आणि सांगितलं असतं, तरी तिने ऐकलं असतं का?

संध्याकाळी घरी तिने डिंकाच्या टेबलाचं सांगितलं. आईने डोक्याला हात लावला.

‘‘उलटी प्रगती!’’ थोरली म्हणाली. ‘‘लोक खालून वर जातात, ही वरून डिंकात. काही नाही, उद्या मीच येते तुझ्या फोरमनकडे. सांगते, घाबरट आहे, जरा सांभाळून घ्या, परत कचेरीत बसवा. चालेल ना?’’

आई बघत होती. वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. सगळ्यांची नजर तिच्या मानेवर.

‘‘नाही,’’ मधली म्हणाली.

टीव्ही मोठ्याने चालू होता. ‘‘काय?’’ थोरलीने विचारलं. ‘‘येते मग सकाळी.’’

तिला पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी ती खरोखर चिडली होती. ‘‘नाही म्हटलं ना मी! यायचं नाही. नोकरी माझी आहे.’’

धाकटीने टीव्ही बंद केला. थोरली म्हणाली, ‘‘बरं बाई, ओरडतेस कशाला?’’

मधली उठली. ती डबा घासायला मोरीकडे गेली.