गच्चीवरची गंजकी डिश

सुरेशदादाचा फोन आला तेव्हा मी ओवीच्या शाळेच्या वेण्या घालत होते. "आई गेली गं," तो म्हणाला. "झोपेतच. तिच्या घरात." शेवटचे दोन शब्द त्याने जरा जोर देऊन म्हटले आणि इतक्या वाईट बातमीतही मला बरं वाटलं. आमच्या जुन्या घरमालकीण सरोजअक्कांना जाऊन आता सहा आठवडे झाले. आठवण आली की रडू यायच्या आधी हसू येतं... आणि मग स्वतःची थोडी लाजही वाटते.

नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आलो तेव्हा राजाजीनगरात अक्कांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. अक्का मूळच्या निपाणीच्या, पण सगळी हयात इथे गेलेली. टेलिफोन बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या. निवृत्त झाल्या तरी तपासणी काही सुटली नव्हती. दूधवाल्याचं दूध, रिक्षाचं मीटर, माझी भाकरी, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. "पुण्यात हिला भाकरी म्हणतात होय?" असं विचारायच्या आणि तीच भाकरी लोणी लावून मिटक्या मारत खायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा सुरेशदादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला. अक्का एकट्या राहायच्या आणि त्यांना ते भारी आवडायचं. सकाळी दहाला आदल्या दिवशीची मराठी मालिका पुन्हा लागायची, ती बघताना त्यातल्या सासवांना त्या कन्नडमध्ये शिव्या घालायच्या. मराठीत घातल्या तर घरच्या माणसाला घातल्यासारखं वाटतं म्हणे!

त्याच टीव्हीने घात केला. एखाद्या सकाळी चित्र पार गायब व्हायचं. मग चौकोन चौकोन होऊन थिजायचं, आवाज तुटक तुटक यायचा, आणि दुपारपर्यंत सगळं आपोआप ठीक. डिशवाला यायचा दुपारनंतर. टीव्ही ठणठणीत! "एल्ला सरी इदे," सगळं ठीक आहे, म्हणून तो निघून जायचा. सुरेशदादा यायचा ऑफिस सुटल्यावर, तेव्हाही टीव्ही शहाण्यासारखा चालू. असं पाच-सहा वेळा झाल्यावर दादाला वाटायला लागलं, बिघाड टीव्हीत नाही, आईत आहे. "ती भलतीच बटणं दाबते आणि विसरते," जिन्यात तो मला हळूच म्हणाला. "आता एकटीला ठेवणं बरं नाही." दादा वाईट माणूस नव्हे, घाबरलेला मुलगा होता. पंधरवड्यानंतरच्या रविवारी अक्कांना एचएसआरला न्यायचं ठरलं, खोकी आली, भांडी भरली गेली. आणि मीही मान डोलावली होती! अक्का माझ्यावर चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "टीव्ही गेला तर जाऊ दे गं. पण माझं बोलणं खरं नाही असं पोराला वाटायलंय, ते कसं सोसू?"

मग त्यांनी कारखान्यातला मार्ग धरला. बिघाड झाला की कॅलेंडरवर फुली. सोमवार, गुरुवार, शनिवार, परत सोमवार... कशाचा कशाला मेळ लागेना. शेवटी शुक्रवारी सकाळी चित्र गेलं तसा त्यांनी मला फोन लावला. गुडघ्यांमुळे त्यांना गच्ची बंद होती.

"वर जा. कशाला हात लावू नकोस, नुसतं दिसतंय ते सांग."

"तीन डिश आहेत, अक्का."

"दोन जुन्या भाडेकरूंच्या, मेलेल्या. माझी ती गंजकी."

मी गंजकीकडे वळले.

"काय गं? काय दिसायलंय?"

"अक्का... त्या गंजकीवर माझी गोधडी वाळत घातलीय."

ओवी तेव्हा दोन वर्षांची. तिने रात्री गोधडी ओली केली की सकाळी ती धुऊन मी त्या गंजक्या डिशवर पसरायचे. हीच मेलेली, असं मी धरून चालले होते. चकचकीत डिशला मात्र बोट लावायची नाही, न जाणो कुणाची चालू असेल! ऊन चढलं की गोधडी वाळायची, मी ती काढायचे आणि खाली अक्कांचा टीव्ही बरा व्हायचा. दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी मी... भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात फोनमधून आणि जिन्यातून एकदमच हसू ऐकू आलं. "म्हणजे ओवी मुतली की माझी मालिका बंद! त्याला कॅलेंडर काय करणार गं!"

शनिवारी त्यांनी दादाला सकाळीच बोलावलं. त्याला टीव्हीसमोर बसवलं, बटणांचा संशय नको म्हणून रिमोट त्याच्याच खिशात ठेवला आणि मला ओली गोधडी देऊन वर पिटाळलं. "ठेव!" अशी हाक आली की ठेवायची, "काढ!" आली की काढायची. एकदा झालं तर योगायोग, तीनदा झालं तर कारण, हा त्यांच्या विभागाचा नियम. तिसऱ्या वेळी "काढ" काही आलंच नाही. मी खाली येऊन बघते तर दादा आईच्या पायाशी बसलेला. "चुकलो, आई."

"सरी, सरी. ऊठ आता. माझा कुकर कुठल्या खोक्यात घातलायस?"

त्यानंतर अक्का सहा वर्षं त्याच घरात राहिल्या. ओवीला त्या 'इंजिनीअर' म्हणायच्या. आम्ही पुढे व्हाइटफील्डला गेलो, पण दिवाळीला पहिला फराळ अक्कांकडेच. शेवटच्या वर्षी त्या खरंच विसरायला लागल्या. तेव्हा दादाने खोकी आणली नाहीत. आपली बॅग भरली आणि तोच त्यांच्याकडे राहायला आला.

परवा मी त्याला भेटायला गेले. अक्कांच्या खुर्चीत मांडी घालून तो मालिका बघत होता. घराचं काय करणार, असं मी विचारलं.

"काय करणार म्हणजे? निवृत्त झालो की कायमचा इथंच राहणार," तो म्हणाला. मग त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "मुलीला आत्ताच सांगून ठेवलंय. मी म्हातारा झालो आणि म्हणालो की टीव्हीत बिघाड आहे, तर बिघाड टीव्हीतच आहे."