ठिणगीचे दिवे

माझ्या लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं, कारण लहानपणी ती एका जागी ठरायचीच नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती वेगळीच ठिणगी. वीज गेली की बॅटरी तिच्या हातात. ती बॅटरी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायची, आणि कुणी समोर आलं की काचेवर तळहात ठेवायची. मग तिची बोटं आतून लाल व्हायची. अंधारात नुसती पाच लाल बोटं तरंगत यायची.

"अगं, हात काढ, धडपडशील," मी म्हणायची.

"तुझ्या डोळ्यांत जाईल ना, आई."

तीच मुलगी विमान चालवायला शिकायला लागली तेव्हा माझी रात्रीची झोप उडाली. तिने मला समजावलं ते दिव्यांपासूनच. वरचा लाल दिवा लुकलुकला की इंजिन सुरू होणार, माणसांनी लांब राहायचं. पुढचा दिवा लागला की विमान निघालं. समोर माणूस असेल तर तो विझवायचा, नाहीतर त्याला काही दिसत नाही. आणि धावपट्टीवर, मग ती नुसती ओलांडायची असली तरी, शिरण्याआधी असतील नसतील तेवढे दिवे लावायचे.

"म्हणजे दिवा आपल्याला दिसावं म्हणून नाही?" मी विचारलं.

"आपण दिसावं म्हणून," ती म्हणाली.

तिची परीक्षा होती ती तिन्हीसांजेची. पास झाली की अशा उजेडात एकटीने उडायची परवानगी. मैदानाच्या कुंपणाबाहेर एक बाक आहे, तिथे मी बसले होते. आकाश पाण्यात रंग सोडल्यासारखं जांभळं होत चाललं होतं. धावपट्टीच्या पलीकडे विमानं उभी असतात. तिथून तिचं छोटं विमान हळूहळू निघालं. हातात उजळ काठ्या घेऊन वाट दाखवणारे एक गृहस्थ असतात, मुलं त्यांना काठीवाले काका म्हणतात. ठिणगीने त्यांच्यासमोर पुढचा दिवा विझवला. मला इतक्या लांबूनही ती पाच लाल बोटं दिसली.

मग विमान वळलं, आणि तसंच अंधारात, पंखांच्या टोकांना इवलासा लाल आणि हिरवा ठिपका, वर तो लुकलुकता लाल दिवा घेऊन, धावपट्टीवर शिरलं. शिरलं आणि गचकन थांबलं. ब्रेक मारला होता तो तिच्या शेजारी बसलेल्या, तिला शिकवणाऱ्या सरांनी.

मी वळसा घालून फाटकापाशी पोचले तेव्हा सर बाहेर येत होते. "ताई, तुमची मुलगी फार सभ्य आहे."

"मग?"

"मग काय! सभ्यपणात दिवा लावायलाच विसरली. धावपट्टी रिकामी होती म्हणून बरं. अजून एक संधी देतो. पुन्हा असं झालं तर माझ्याकडचं शिक्षण संपलं."

काठीवाले काका तिला म्हणत होते, "पोरी, माझ्या डोळ्यांची काळजी घेतलीस, देव तुझं भलं करो. पण तू कुणाला दिसायला नको का?"

घरी तिचे बाबा म्हणाले, "वा! चांगलाच उजेड पाडलास." ती हसली, मग रडली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आई, तू गुणगुणतेयस."

"छे, कुठे?"

"नापास मी झाले, आणि गाणी तुला सुचतायत!"

चोरी पकडली गेली होती. लेक जमिनीवर राहिली होती, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुढचे काही दिवस ती दर खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबायची, हवेत हात वर करून नसलेली बटणं दाबायची, मगच आत पाऊल. "स्वयंपाकघर मोकळं आहे," तिचे बाबा बशीमागून घोषणा करायचे, "उतरा सावकाश!"

दुसऱ्या वेळी बाकावर आम्ही दोघं होतो. तोच जांभळा उजेड. गवत हलत होतं की जमीनच हलत होती, कळत नव्हतं. काठीवाल्या काकांसमोर तिने दिवा विझवला. विमान वळलं, धावपट्टीच्या कडेला, नेमकं आमच्याकडे तोंड करून थांबलं. काळोखी आकृती. लाल ठिपका, हिरवा ठिपका, वर तो लुकलुकता दिवा. बस्स.

आता नाही लागला तर ती कायमची माझी. रोज संध्याकाळी ताटावर, रोज रात्री शेजारच्या खोलीत. मी देवाजवळ दुसरं काय मागितलं होतं? सगळं जग पेंगुळल्यासारखं गप्प होतं आणि विमान हलत नव्हतं. माझी बोटं कुंपणाच्या जाळीत कधी अडकली मला कळलं नाही.

"लाव," मी म्हणाले. "लाव ना गं, ठिणगे. लाव!"

पंखांच्या टोकांवर पांढऱ्या विजा लखलखल्या. मग समोरचे दिवे लागले, आणि गवत, जाळी, बाक, आम्ही दोघं, सगळं पांढरंशुभ्र झालं. त्या उजेडातून माझी लेक धावपट्टी ओलांडत आमच्याकडे यायला लागली.

"अगं, डोळ्यांवर हात धर," तिचे बाबा म्हणाले.

मी नाही धरला.