तळहातावरचा रस्सा

"हात पुढं कर."

काकाजी असं म्हणाले की समोरच्यानं मुकाट्यानं तळहाताची वाटी करून पुढे धरायची. ते कढईतून पळी काढत, तिच्यावर एक फुंकर मारत आणि रश्श्याचे चार थेंब बरोबर तळव्याच्या खळग्यात सोडत. चटका बसायचा, पण हात झटकायची सोय नव्हती. लगेच दुसरं वाक्य यायचं, "आता सांग."

तुमच्याही ओळखीत असा एखादा लग्नाकार्याचा आचारी असेल. आमचे काकाजी वाडीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचे. मी ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या बिल्ट्या फाडणारा कारकून. सकाळी ट्रकची धूळ आणि संध्याकाळी काकाजींची फोडणी, असा माझ्या फुप्फुसांचा आहार ठरलेला.

त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. "माहा बाप बोटानं सुताचा ताण पाहे, मी जिभेनं मिठाचा पाह्यतो," काकाजी सांगायचे. "जीभ खोटं नाई बोलत गा, माणूस बोलते."

मग एके दिवशी कांदे चिरता चिरता त्यांचं तोंड जरा वाकडं झालं. थोड्या वेळात सरळही झालं, पण काकू घाबरल्या. माझ्याकडे स्कूटर असल्यामुळे दवाखान्यात नेण्याचा मान मला मिळाला.

डॉक्टरबाईंनी ब्लड प्रेशर पाहिलं आणि मीठ अगदी कमी करायला सांगितलं. काकाजींनी बाजारात भाव करावा तशी बोलणी सुरू केली.

"पापड चालते ना?"

"पापडात मीठ असतं, काका."

"मीठ कुठी मॅडम, पापडखार असते."

"मग तर दोन्हीकडून मार. खारातही तेच सोडियम."

"सैंधव?"

"तेही मीठच."

"अन् लोणचं? ते तर फळ हाय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी फरसाणाची बाजू मांडली: फरसाण बेसनाचं, बेसन डाळीचं, म्हणजे शेवटी ती प्रथिनंच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीपण बसा जरा." माझा आकडा काकाजींच्या आकड्याच्या पाठीला पाठ लावून निघाला. मी म्हटलं, पंखा बंद होता म्हणून असेल. पंखा चालू होता.

निघताना त्या म्हणाल्या, "जिभेला मिठाची सवय लागते. जास्त खाल्लं की जास्तच लागतं. काही आठवडे कमी खाऊन बघा, आज जे बरोबर लागतं तेच खारट लागेल." हे वाक्य आम्ही दोघांनी दवाखान्याच्या पायरीवरच विसरून टाकलं.

काकाजींची काळजी निराळी होती. उन्हाळ्यात पोरीचं लग्न होतं. लोकांच्या पोरींच्या लग्नाच्या पंगती वाढण्यात त्यांचा जन्म गेला होता. आपल्या पोरीच्या लग्नाची कढई दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. काकूंनी अट घातली. "करा सैपाक. पण कढईतलं तोंडात गेलं का मी कॅटरर बोलावीन. ह्यायचं चाखणं म्हंजे वाटीभर रस्सा अन् सोबत पोळी."

म्हणून काकाजींना उसनी जीभ हवी होती. त्यांनी माझी निवडली. "तू दिसभर खाऊनच राह्यतो गा. तुह्या जिभेले अनुभव हाय."

मला हा सन्मान वाटला. गल्लीत एकदोघांना सांगितलंही.

पहिली परीक्षा शेजारच्या बारशाला. काकाजींनी थेंब सोडले. मी डोळे मिटून चाटलं आणि मोठ्या गवयासारखी मान हलवून म्हणालो, "थोडं कमी हाय." त्यांनी मीठ घातलं. "अजून थोडं." अजून घातलं. "आता जमलं."

पंगत बसली आणि पाण्याचे कॅन रिकामे होऊ लागले. मग समोरच्या दुकानातल्या बाटल्या संपल्या. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "नागपूरले समुद्र नव्हता, आज तोही भेटला."

काकाजी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी नाश्ता करत होतो: तर्री-पोहे, वर शेवेचा डोंगर, बाजूला भाजलेला पापड आणि पापडावर लोणच्याचा खार.

"हे रोज?"

"आज जरा कमीच हाय, काकाजी."

त्यांनी ताटली बाजूला सारली. "तुही जीभ आंधळी झाली हाय बे. डॉक्टरबाई म्हणे ते खरं. धुवा लागन."

त्या दिवसापासून माझा शेव-पापड बंद झाला आणि दुपारचा डबा त्यांच्याच घरून येऊ लागला. काकूंच्या हातची अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, लिंबाची फोड आणि मीठ म्हणाल तर शकुनापुरतं. पहिले काही दिवस मी जेवतोय की गोदामातले पुठ्ठे खातोय हे कळत नव्हतं. काकू संध्याकाळी भिंतीपलीकडून विचारायच्या, "जेवला काय गा?" मी म्हणायचो, "हो, सोसलं." मग हळूहळू दोडका गोड असतो, असा शोध मला या वयात लागला. एकदा एका ड्रायव्हरनं शेव पुढे केली, ती मला तोंडात ठेववेना. जुन्या दोस्तानं ओळख दाखवू नये तसं झालं. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी माझं प्रेशर पाहून मान डोलावली. त्या दिवशी पंखा खरंच बंद होता.

दुसरी परीक्षा एका मास्तरांच्या निरोपाच्या जेवणाला. थेंब चाटताच मी दचकलो. "खारट हाय, काकाजी. लई खारट." त्यांनी पाणी वाढवलं, उकडलेले आलू सोडले. मी म्हणालो, "अजून." शेवटी मास्तर हात जोडून म्हणाले, "काकाजी, मी शाळेतून निवृत्त झालो गा. दवाखान्यात भरती नाई झालो."

पाहुणे गेल्यावर काकाजी पालथ्या घातलेल्या टोपावर बसले. त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तवा जीभ आंधळी होती, आता नखऱ्याची राणी झाली. माह्या पोरीच्या लग्नात मी काय करू, सांग बरं."



लग्नाच्या दिवशी वांगे-आलूच्या रश्श्याला उकळी फुटली होती. "हात पुढं कर," काकाजी म्हणाले. मी तळवा पुढे धरला. "आता सांग."

मी चाटलं. मग मंडपाकडे पाहिलं. ट्रकचे ड्रायव्हर होते, बिनदाताच्या आज्या होत्या, मौद्याचे व्याही होते. जितकी तोंडं तितक्या सवयी. म्हटलं, "काकाजी, मले बरोबर लागते. लोकायचं मले नाई सांगता येत."

त्यांनी पळीकडे पाहिलं. पळी क्षणभर त्यांच्या स्वतःच्या ओठांकडे वळली. काकू दोन पावलांवर उभ्या होत्या. पळी परत कढईत गेली.

"मंग राहू दे असंच," काकाजी म्हणाले. "मीठ वरून वाढ. पह्यले पानात डाव्या बाजूले वाढतच होतो ना आपण, लिंबाजवळ."

बुफे होता, पानं नव्हती. म्हणून मी मिठाची वाटी घेऊन मंडपभर हिंडलो, "मीठ घेता काय?" विचारत. कुणी चिमूट घेतली, कुणी नको म्हणालं. व्याह्यांनी मीठ न घेता रस्सा पुन्हा मागितला. एका ड्रायव्हरनं मात्र सगळं ताटच पांढरं केलं. मला तो सख्ख्या भावासारखा वाटला.

"किती लोकायनं घेतलं?" परत आल्यावर काकाजींनी विचारलं.

"निम्म्यायनं."

"निम्म्यायनं नाई घेतलं, असं म्हण ना गा."

वरात गेली. कढईच्या तळाशी थोडा रस्सा उरला होता. काकूंनी पळी उचलली, फुंकर मारली. "हात पुढं करा."

काकाजींनी लहान मुलासारखा तळवा पुढे धरला. काकूंनी थेंब सोडले. "आता सांगा."

त्यांनी सावकाश चाटलं. "आलू जरा जास्त शिजले," ते म्हणाले. मिठाचं नावच काढलं नाही.

काकाजी आता नाहीत. गेले ते वयानं गेले, मिठाचा त्यात हात नाही, हे काकू भेटेल त्याला बजावून सांगतात. माझी सवय मात्र गेलेली नाही. लग्नात कढईपाशी उभा राहिलो की माझा तळवा आपोआप वाटीसारखा पुढे जातो. टोपी घातलेला वाढपी माझ्याकडे पाहतो आणि त्यात अदबीनं एक कागदी रुमाल ठेवतो.