कुणाचं नसेल असं नाव

धुडकूभाऊंना हळू बोलता येत नाही. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, लूम कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जसे व्हायचे तसे त्यांचे झालेत. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, अशी त्यांची पक्की समजूत आहे. आमच्या उधन्याच्या गल्लीत त्यांनी बायकोला मीठ कुठे आहे विचारलं, तर चार घरांतून उत्तर येतं. अशा माणसाने एक गोष्ट गुप्त ठेवायची ठरवली, त्याची ही हकीकत.

आधी त्यांच्या स्वतःच्या नावाचं सांगतो. ते मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांच्याआधीची दोन मुलं दगावली, म्हणून आईने तिसऱ्याला जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि धुडकू म्हटलं. नाव टाकाऊ असलं की यम ढुंकून बघणार नाही, असा तिचा विचार. यमाने नाही बघितलं, पण बाकी सगळ्यांनी बघितलं. शाळेत पोरं हसली, लग्नात वऱ्हाडी हसले, कारखान्यात हजेरी घेणारा अजून हसतो. त्यामुळे ते ओळख करून देताना 'डी. एस. पाटील' एवढंच सांगतात, तेही ओरडूनच.

मुलगा विकास आणि सून धनश्री यांना मुलगी झाली, तेव्हा धुडकूभाऊंनी घरात जाहीर केलं की नातीचं नाव असं पाहिजे, जे आख्ख्या उधन्यात दुसऱ्या कुणाचं नसेल आणि जे ऐकून कुणी हसणार नाही. धनश्रीने मोबाइलवरून काढलं, कियारा.

"अर्थ काय शे हाई नावना?" अनुसयाबाईंनी, म्हणजे आजीने, विचारलं.

कुणालाच सांगता येईना. धुडकूभाऊ अडून बसले. अर्थ कळल्याशिवाय पाळण्यात नाव जायचं नाही, आणि बारशापर्यंत ते बाहेरही फुटायचं नाही, नाहीतर लोक उचलतील.

मग ते माझ्याकडे आले. मी बँकेतून निवृत्त झालो, म्हणून मला जगातलं सगळं कळतं असा त्यांचा समज आहे, आणि मी तो मोडत नाही. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीने मान वर करावी अशा आवाजात म्हणाले, "साहेब, कोनले सांगू नका. कियारा! अर्थ काय?"

मी मोबाइल पाहिला. एका ठिकाणी लिहिलं होतं, मूळ इटलीचं, अर्थ लख्ख, उजळ. दुसऱ्या ठिकाणी होतं, मूळ आयर्लंडचं, अर्थ सावळी, काळ्या केसांची.

"म्हंजे गोरी का काळी?"

मला हसू आवरेना. ते माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, तुम्हीबी हसले," एवढंच म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली.

पण गडी थांबणारा नव्हता. किराणा दुकानातल्या उषाबेन म्हणाल्या, आमच्या गुजरातीत क्यारो म्हणजे भाजीचा वाफा, त्यावरून आलं असेल. देवळातल्या पुजाऱ्याने डोळे मिटून हे देवीचं नाव आहे म्हणून सांगितलं, आणि कुठल्या देवीचं असं विचारल्यावर तो घंटा वाजवायला लागला. रिक्षावाल्या गणपतच्या मते अर्थ एकच, हिरोईन. प्रत्येकाला धुडकूभाऊंनी "कोनले सांगू नका" म्हणून बजावलं, आणि ते बजावणं मी घरात बसून ऐकलं. त्या वर्षी आमच्या गल्लीत आणि मागच्या सोसायटीत मिळून सहा बायका गरोदर होत्या. कान त्यांनाही होते.

बारशाला बारडोलीहून रंजना आत्या आली. तिने बाळाच्या कानात अगदी हळू नाव सांगितलं, आणि बाहेर बसलेल्या बायकांनी ती मोठ्याने सांगायच्या आधीच ते म्हणून टाकलं. पुढच्या आठ महिन्यांत आणखी चार कियारा झाल्या. प्रत्येक बारशाला धुडकूभाऊ जायचे, घुगऱ्या खायचे आणि तोंड पाडून परत यायचे.

"बठ्ठा चोर शेतस!" सगळ्यांनाच चोर ठरवत ते माझ्या ओट्यावर बसून म्हणायचे. "यास्ले सांगं कोनी?"

खरं सांगायला माझीच काय, गल्लीत कुणाचीच जीभ रेटली नाही, इतका तो माणूस खचला होता.

गेल्या जूनमध्ये पाचही जणी एकाच बालवाडीत गेल्या. पहिल्या दिवशी नातीला आणायला जाताना धुडकूभाऊ मलाही घेऊन गेले. सुटायची वेळ झाली. बालवाडीच्या बेननी फाटकाशी येऊन हाक मारली, "कियारा!" पाच पोरी धावत आल्या. बेननी वडिलांचं नाव लावून पुन्हा हाक मारली, "कियारा विकासभाई!" तरी दोघी उरल्या, कारण मागच्या सोसायटीतल्या एका गवंड्याचं नावही विकास.

"अरे, तू कोनी दीकरी?" कुणाची लेक म्हणून बेननी वैतागून आमच्या कियाराला विचारलं.

पोरीने आजोबांचा घसा घेतलाय. ती गरजली, "धुडकूबाबानी!"

फाटकाशी चाळीस-पन्नास माणसं होती. धुडकूभाऊंनी मान खाली घातली. इतकी वर्षं लपवलेलं नाव नातीने चव्हाट्यावर आणलं होतं, आणि आता हसणार म्हणून ते वाट बघत होते.

बेन हसल्या नाहीत. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि वहीत नाव लिहून टाकलं. "आ बराबर छे," त्या म्हणाल्या. "कियारा तो पांच छे. धुडकू आखा उधनामां एक ज छे."

धुडकूभाऊंनी मान वर केली. मग त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो. वाटेत गणपतने रिक्षा हळू केली. "काय डी. एस.," तो म्हणाला, "एवढ्यांतली ही कुठली कियारा?"

"धुडकूनी!" ते ओरडले, आणि या खेपेला कोनले सांगू नका असं म्हणाले नाहीत.