वरातीच्या बँडातला टँगो

मी चौथी शिकलो, तीही अर्धी. पण नांदेडात चाळीस वर्षं लग्नाचा बँड चालवला, आणि कानावर पडलेलं गाणं कधी हातातून सुटलं नाही.

नात लातूरला नोकरीला. संध्याकाळी नाचाच्या क्लासला जायची, तिथंच नवरा गाठला. लग्न ठरलं तशी घरी आली अन् मोबाईल माझ्या कानाला लावला.

"आबा, हा टँगो. परदेशातला नाच. अक्षता पडल्या की आम्ही दोघं यावर नाचणार. तुमच्या बँडाला जमत नसंल तर डीजे सांगते."

"डीजेचे डबे आले तर मी मांडवात पाय ठेवणार न्हाई."

"मग वाजवा," ती म्हणाली. पोरगी माझ्यावरच गेलीय.

आधी तिघांत बसवला. क्लारनेट माझी, भजनी मंडळातली पेटी, आणि माझ्याच वयाचा आमचा ढोलवाला. टँगोत भात्याचं एक वाद्य रडल्यासारखं वाजतं. ते काम पेटीला दिलं. पेटीवाले बुवा डोळे मिटायचे आणि तिसऱ्या ओळीला अभंगात शिरायचे. "बुवा, डोळे उघडे ठेवा, यात देव न्हाई," असं सांगावं लागलं. मग सारेगम कागदावर लिहून अठरा जणांत वाटणी केली. चाल ट्रंपेटला, रडणं क्लारनेटला अन् पेटीला, पावलांचा ठेका मोठ्या भोंग्यांना.

अडलं ते थांब्यावर. टँगोत मधेच सगळं बंद होतं. नाचणारे पाऊल उचलून तसेच उभे. चार मात्रा गेल्या की पुन्हा सुरू. आता वरातीत बँड थांबला की लोक समजतात, सोयऱ्यांत बिनसलं. म्हणून आमची रीत अशी की कोणी चुको, कोणाचा दम संपो, दुसऱ्यानं भरत राहायचं. ढोलवाल्यानं जन्मभर तेच केलेलं. थांबा आला की त्याचा हात धाडकन पडायचा.

"अरे, गप बसायचंय तिथं!"

"मास्तर, गप बसायला ढोलवाला कशाला लागतो?"

आठ दिवस त्याला बोलत राहिलो. शेवटी थांब्याला ढोलाचं टिपरू दातात धरायला लावलं.

लग्नाच्या दुपारी अक्षता पडल्या. नात अन् जावई मांडवाच्या मधोमध. टँगो लई झकास निघाला. थांबा आला. ढोलवाल्यानं टिपरू दातात धरलं. सगळा बँड गप. नातीचा पाय अधांतरी. तेवढ्यात एकटी क्लारनेट वाजली. लांबलचक, वरातीतली तान.

ती माझी होती.

नातीचा पाय जावयाच्या बुटावर पडला. ढोलवाल्यानं टिपरू तोंडातून काढलं. "मास्तर, आता हे कोणाच्या दातात देऊ?"

मांडव हसला. नात कमरेवर हात ठेवून उभी. "आबा, लावू का डीजेला फोन?"

चाळीस वर्षांत चुकलेलं गाणं मी मागं घेतलं नव्हतं. पुढं रेटायचं, एवढंच ठाऊक. त्या दिवशी हात वर केला आणि म्हणालो, "पहिल्यापासून." या खेपेला थांबा आला तशी क्लारनेट ओठांपासून काढून छातीशी घट्ट धरली. चार मात्रा. मांडवातल्या पंख्यांची घरघर तेवढी. मग नातीनं पाऊल टाकलं आणि आम्ही सगळे तिच्यामागं.

चूक माझी होती, हे मी लपवत नाही. कोणी विचारलं तर सांगतो. पण ढोलवाला न विचारताच सांगत सुटलाय, पार अर्धापूरपर्यंत. आणि दुसऱ्या खेपेचं काही तो सांगत न्हाई. म्हणून हे लिहून ठेवलं.