मामांची कोरी तारीख

हिंदुस्थानी संगीतात कोण कधी जन्मला आणि कोण कधी गेला, हे त्या त्या गवयाच्या घरच्यांपेक्षा माझ्या मामेसासऱ्यांना जास्त पक्कं ठाऊक होतं, आणि यात मी तिळमात्र अतिशयोक्ती करत नाहीये. एका खाँसाहेबांच्या नातवाला त्यांनी पत्र लिहून कळवलं होतं, की तुम्ही आजोबांची बरसी, म्हणजे पुण्यतिथी, दर वर्षी तीन दिवस उशिरा करता. नातवाचं उत्तर आलं नाही. पण पुढच्या वर्षी बरसी तीन दिवस आधी झाली. मामांनी ते पेपरात वाचलं, चष्मा पुसला आणि मामींना म्हणाले, "सुधारला मुलगा."

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. दिल्लीजवळ फरीदाबादच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली. मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरची यंत्रं आत आली आणि मामा स्वेच्छानिवृत्ती नावाचा कागद घेऊन बाहेर आले. स्वेच्छा कोणाची होती हे त्यांनी कधी विचारलं नाही. नोएडात नवा फ्लॅट घेतला आणि आयुष्यभर मनात असलेलं काम हातात घेतलं. तीनशे सहासष्ट पानांचं एक जाडजूड रजिस्टर. एका तारखेला एक पान. त्या तारखेला कोणत्याही साली संगीतात जे काही घडलं असेल ते त्या पानावर, ड्रॉइंगच्या कोरीव अक्षरात. जन्म, मृत्यू, पहिली मैफल, पहिली ध्वनिमुद्रिका, कोणी शिष्य म्हणून कोणाचा गंडा बांधला, कोणी कोणाशी बोलणं सोडलं. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय नोंद नाही, हा नियम. एकोणतीस फेब्रुवारीच्या पानावर फक्त एक तबलजी होता आणि मामांना त्याची फार दया यायची.

रोज सकाळी सातला आमचा फोन वाजायचा. तेव्हा फोन मिळणं ही नवलाची गोष्ट होती, पण आमच्या घरी त्या नवलाईचा आनंद एक आठवडा टिकला. "आज काय आहे माहीत आहे का?" मामा विचारायचे. मी म्हणायचो, मंगळवार. जावयाला काही बोलता येत नाही म्हणून मामा ते सोडून द्यायचे, आणि मग त्या दिवसाचे सगळे जिवंत-मृत गवई एकामागून एक माझ्या चहात पडायचे. जयंती असली की मामा रंगीत झब्बा घालायचे, पुण्यतिथी असली की पांढरा, आणि एकाच तारखेला दोन्ही असलं की पांढऱ्या झब्ब्यावर रंगीत जाकीट. दुधाच्या बूथवरचा माणूस झब्बा बघूनच विचारायचा, "आज कौन गया, मामाजी?" एकदा जाकीट बघून खालचे शर्माजी हात मिळवायला पुढे आले, "हॅपी बर्थडे जी, किसका है?" मामा म्हणाले, "एक पैदा हुए, दो गुज़रे." शर्माजींनी पुढे केलेला हात तसाच वर नेऊन नमस्कार केला.

नोएडा मामांना मनापासून आवडायचं, कारण तिथल्या वस्त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. चालू महिन्याची तारीख धरून सेक्टर एकोणीस म्हणजे अमक्या बाईंची जयंती, सेक्टर सत्तावीस म्हणजे तमक्या बीनकारांचं निधन. ते रिक्षावाल्याला बिनचूक रस्ता सांगायचे. पंचाईत एकच होती. सेक्टर एकतीसच्या पुढे मामा जायचे नाहीत. "बत्तीस तारीख नसते," ते म्हणायचे. इकडे शहर साठ-बासष्टपर्यंत वाढत गेलं, काचेच्या इमारती उठल्या, माझं ऑफिसही तिकडेच गेलं, पण मामांच्या लेखी मी रोज सकाळी अस्तित्वात नसलेल्या ठिकाणी जाऊन पगार आणत होतो. मामींचं यावर काही म्हणणं नसे. मामींचं कशावरच फारसं म्हणणं नसे. एकदाच मला म्हणाल्या होत्या, "माझ्या वाढदिवसाचं पान बघा कधी. तीन सतारवाले आहेत तिथे. मला जागा कुठून मिळणार?"

आणि एवढं सगळं असून मामांना गाताना कोणी ऐकलं नव्हतं. गुणगुणतानाही नाही, अंघोळीतसुद्धा नाही. आपला गळा बेसूर आहे हे त्यांना ठाऊक होतं; कान तयार असण्याचा हा तोटा. माझ्या लग्नात नवरीचे मामा म्हणून ते माझ्या बायकोच्या मागे उभे होते. दोन्हीकडच्या झाडून साऱ्या काका-मावश्यांनी एकेक मंगलाष्टक म्हणून घेतलं, काहींनी दोन म्हटली, आणि मामा ओठ घट्ट मिटून उभे. त्यांची मंजू तेव्हा सात वर्षांची होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही म्हणत?"

"आज एका फार मोठ्या गवयाचा दिवस आहे, बाळ. अशा दिवशी मी तोंड उघडणं बरं नाही."

"मग माझ्या लग्नात म्हणाल?"

"म्हणेन," मामा म्हणाले. लहान मुलांना आपण देतो तसलं उत्तर आहे असं समजून आम्ही सगळे हसलो आणि विसरलोही.

मंजू मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली, नोकरीला लागली आणि तिथलाच एक मराठी मुलगा तिने स्वतःच पसंत करून आमचे कष्ट वाचवले. मुलाचे वडील फरीदाबादचेच, कारखानदारीत मुरलेले, सडेतोड गृहस्थ. मुलाला कंपनी सप्टेंबरात परदेशी पाठवणार होती, म्हणजे लग्न त्याआधी उरकायला हवं. करोल बागेतले गुरुजी पंचांग घेऊन आले. मामा रजिस्टर घेऊन बसले. गुरुजींनी फेब्रुवारीतली तारीख काढली, मामांनी पान उघडलं, "छे, त्या दिवशी खाँसाहेब गेले." मार्चमधली काढली. "या दिवशी बाईंनी गाणं सोडलं." एप्रिलमधल्या एका तारखेला नुसताच जन्म होता, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. पण मामांनी मान हलवली. "यांचा जन्म आहे. यांचा!" हे असं दोन महिने चाललं. गुरुजींनी काढायचं आणि मामांनी मोडायचं. मे महिन्यात तेरा मुहूर्त होते. तेराच्या तेरा गेले.

शेवटी एका रविवारी मुलाचे वडील स्वतः आले. पाण्याचा ग्लासही हातात न घेता म्हणाले, "अहो, तुमच्या घरात रोज कोणीतरी गेलेलं असतं! लग्न लावायचंय की नाही ते आज कळू द्या. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." मुलगा खाली मान घालून बसला होता. मी मध्ये पडून काहीतरी बोललो, ते कोणी ऐकलं नाही. मंजूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती उसळलीच, "बाबा, तुम्हाला माझं लग्न करायचंच नाहीये का? सीधा सांगा ना यार!"

मामा रजिस्टरकडेच बघत होते. "तूच सांगितलं होतंस ना, मंगलाष्टक म्हणायला," ते म्हणाले. "ज्या दिवशी म्हणेन त्या दिवशी कोणी ना कोणी आहेच गं. एवढ्या थोरांच्या दिवशी मी भसाडा माणूस कसा उभा राहू?" आणि त्यांनी ऑगस्टमधलं एक पान उघडून आमच्यासमोर धरलं. पान कोरं होतं. तीनशे सहासष्टांतलं ते एकच. वीस वर्षं शोधूनही त्या तारखेला संगीतात काही म्हणजे काही घडलेलं मामांना सापडलं नव्हतं. कोणी जन्मलं नाही, मेलं नाही, साधी तार तुटली नाही. त्या दिवशी मामा सातचा फोन करत नसत आणि दिवसभर बनियनवर बसून असत. "हा एक दिवस आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी म्हटलं तर कोणाचा अपमान होत नाही."

गुरुजी हळूच म्हणाले, "पण ऑगस्ट म्हणजे चातुर्मास. चातुर्मासात लग्नं लागत नाहीत." मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात, आतापर्यंत फणकारत बसलेले ते सडेतोड गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "काढीव मुहूर्त निघतो ना? अडचण असली की काढतात. काढा." गुरुजी अडचण काय म्हणून विचारणार होते, पण मामांकडे बघून त्यांनी पंचांग उघडलं.

लग्न सेक्टर पन्नासच्या पुढच्या एका हॉलमध्ये झालं. मामा आयुष्यात पहिल्यांदा महिन्याबाहेर गेले. कोणता झब्बा घालायचा हे त्यांना समजेना, कारण त्या तारखेला रंगच नव्हता. शेवटी मामींनी स्वतःच्या पसंतीचा मोतिया रेशमी झब्बा काढून दिला. आठवं मंगलाष्टक झालं आणि मामा कागद घेऊन पुढे आले. त्याच क्षणी वीज गेली, पंखे थांबले आणि बाहेर जनरेटर धडधडू लागला. जनरेटर एका सुरात होता. मामा दुसऱ्या सुरात निघाले, तिसऱ्यात पोचले, आणि शेवटच्या ओळीत कुठे होते ते मला सांगता येणार नाही. दीडशे माणसं अक्षता मुठीत धरून उभी होती आणि एकही जण हसला नाही. अंतरपाटाच्या अलीकडे मंजू मात्र हसत होती आणि रडत होती. मीही रडलो, उगाच का लपवा.

पाठवणीच्या वेळी मामा तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. सोबत मामी आणि, नवल म्हणजे, गुरुजी. आम्हाला वाटलं, एखादा दागिना असेल किंवा बँकेचे कागद असतील. पाच मिनिटांनी मंजू बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला शाई होती.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले त्या तारखेच्या पानावर आधीच पाच जण होते. "यांना कुठे बसवायचं?" मामींनी मला विचारलं आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी आधी ऑगस्टचं पान उघडलं. ते कोरं नव्हतं. कोरीव अक्षरात एकच नोंद होती: "आज मंजूच्या लग्नात वडिलांनी एक मंगलाष्टक म्हटलं. बेसूर. वधू प्रसन्न." आणि खाली, दोन ठिकाणांहून खात्री म्हणून, दोन सह्या. एक गुरुजींची, एक मंजूची. मामी म्हणाल्या, "मीही करणार होते, पण घरच्यांची एकच चालते म्हणाले."

तारीख कोणती ते मी इथे सांगत नाही. सांगितली तर तुमच्यापैकी कोणीतरी पत्र पाठवून कळवेल की त्या दिवशी अमके बुवा जन्मले होते, आणि मला ते नको आहे. दर वर्षी त्या दिवशी सकाळी सातला मी मंजूला फोन करतो. "आज काय आहे माहीत आहे का?"

"माहीत आहे, भावोजी," ती म्हणते. "आज बाबा गायले."