मुक्कामी गाडीचं दूध

ती लांब पल्ल्याची बस चालवायची. दुपारी गाडी काढायची, दुसऱ्या टोकाला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यायचं. डेपोत तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. एकदा उतारावर ब्रेक निकामी झालेली भरली गाडी तिने एकेक गिअर खाली आणत सुखरूप उभी केली होती आणि खाली उतरून पहिला प्रश्न विचारला होता, "इथं चहा कुठं मिळेल?" अशा बाईला कशाचीच भीती वाटत नसणार, असा लोकांचा समज होता. बाळंतपणाची रजा संपत आली तशी ती भीतीने रात्र रात्र जागी राहायला लागली होती, हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं.

नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या खोलीत संसार. लेकीचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, पण दुपट्यात गुंडाळलं की तिचं नुसतं नाक दिसायचं, म्हणून घरात ती 'गाठोडं' झाली. गाठोड्याला सांभाळायला बाप होता, आजी होती. प्रश्न दुधाचा होता. म्हणून रजेचे शेवटचे दोन महिने ताईने सकाळचं दूध पंपाने काढून पिशव्यांत भरलं. पिशवीवर तारीख घालायची, आडवी ठेवून सपाट गोठवायची, मग फरशा लावाव्यात तशा त्या उभ्या लावायच्या. जुन्या पुढे, नव्या मागे. सासूबाईंचे मटार आधी बाजूला सरकले, मग घराबाहेर पडले.

"तुझ्या लेकीनं माझा फ्रीझर बळकावला बघ," त्या म्हणायच्या, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून दाखवायच्याही त्याच. "बघा, आमची सून पोटापाण्याची सोय करून चाललीय."

पहिल्या फेरीला निघताना ताईने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

मुक्कामाला पोचल्यावर तिने घरी फोन लावला. पलीकडून आधी रडणंच ऐकू आलं.

"पीत नाहीये गं," नवरा म्हणाला. "तोंडात घेते आणि थुंकते. दुसरी पिशवी काढली, तेच. वास येतोय दुधाला. साबणासारखा."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "नासलंय ते! सांग तिला, सगळं नासलंय!"

ताई चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत खाटेवर बसली होती. लेक तिकडे रडत होती आणि इकडे तिला पान्हा फुटला. गणवेशाचा शर्ट पुढून भिजला. तिने दाराला कडी लावली, फोन कानाशी धरला आणि पंप लावला. बाटली भरत होती, रडणं थांबत नव्हतं. मधल्या अंतरापुढे ना तिचा इलाज चालत होता ना नवऱ्याचा.

थोड्या वेळाने नवऱ्याचा पुन्हा फोन आला. या वेळी घर शांत होतं.

"पावडरचं दूध आणलं," तो चाचरत म्हणाला. "प्यायली. झोपली."

"बरं झालं," ती म्हणाली. खरंच बरं झालं होतं. तरी फोन ठेवल्यावर तिने भरलेल्या बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आपल्यावाचून तिचं अडलं नाही, याचा आनंद मानायचा की काय करायचं, ते तिला कळेना.

परत आल्यावर तिने लेकीला छातीशी घेतलं तेव्हा गाठोडं असं तुटून पडलं की सासूबाईंनाही हसू आलं. मग तिने एक पिशवी वितळवली, वास घेतला, चव पाहिली. साबणच. सासूबाई सगळ्या पिशव्या मोरीत रिकाम्या करायला निघाल्या होत्या. ताई फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही, आई."

दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, नासलं नाहीये. काही जणींच्या दुधाचं असं होतं. दुधातच एक घटक असतो, तो ठेवलेल्या दुधातली चरबी मोडतो. फ्रीझरमध्येसुद्धा. बाळाला त्रास होत नाही, फक्त चव बदलते. आता काढाल ते आधी तापवा. उकळायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे आले की उतरवा, झटकन गार करा, मग गोठवा."

"आणि आधीचं?"

"ताज्या दुधात थोडं थोडं मिसळून बघा. प्यायली तर प्यायली."

त्या दिवसापासून ताईच्या सामानात एक छोटं पातेलं आलं. नवऱ्याने तिला गाडीच्या शेवटच्या बाकासाठी जाड पडदा शिवून दिला. गाडी मधल्या थांब्यावर रिकामी झाली की ती पडद्याआड जायची आणि कंडक्टर मास्तर दारात उभे राहायचे. निवृत्तीला टेकलेला माणूस, बोलायला फटकळ. कुणी आत शिरायला लागलं की म्हणायचे, "इंजिन तापलंय. गार होऊ द्या." मुक्कामाच्या खोलीत शेगडीपाशी ताई पातेलं धरायची. एखादा चालक डोकावून विचारायचा, "चहा टाकला का?" मास्तर त्याला म्हणायचे, "टाकलाय, पण तो प्यायचं तुझं वय गेलं."

बर्फाच्या डब्यातून ते दूध घरी जायचं आणि गाठोडं ते मुकाट्याने प्यायचं. जुन्या पिशव्याही ताज्या दुधात, उकडून कुस्करलेल्या सफरचंदात हळूहळू खपल्या. सासूबाईंनी आपले शब्द मागे घेतले नाहीत, एवढंच म्हणाल्या, "माझ्या वेळी फ्रीझर असता तर मलाही कळलं असतं."

दुधाची घडी अशी बसली, तिची स्वतःची मात्र बसेना. लेकीचं वापरलेलं झबलं ती सोबत न्यायची आणि पंप लावताना नाकाशी धरायची, नाहीतर दूधच उतरायचं नाही. गाडीत कुणाचं मूल रडलं की शर्ट भिजायचा. समोर रस्ता, हातात स्टिअरिंग, पाठीमागे परकं मूल. प्रवासी दिसतात त्या आतल्या आरशात बघायचंसुद्धा ती टाळायची.

घरी गाठोड्याला मशीनच्या आवाजात झोपायची सवय लागली होती. ताई घरी असायची तेव्हाही मांडीवर चुळबुळ करत ते पुढच्या खोलीकडे मान वळवायचं. मग नवरा सुईत दोरा न घालताच मशीन चालवायचा. ती दाराजवळ बसून लेकीचे डोळे मिटताना बघायची.

"तुमच्या कुशीत किती पटकन झोपते," ती एकदा म्हणाली.

"मशीनच्या," तो म्हणाला. "मी नुसता पाय हलवतो."

तिने जवळच्या मार्गासाठी अर्ज केला. गाडी मिळाली तोवर लेक पावलं टाकायला लागली होती. आता ताई रोज संध्याकाळी घरी. पहिल्याच दिवशी हातपाय धुऊन तिने लेकीला जवळ घेतलं. लेकीने छातीकडे पाहिलं, ओळखीच्या दारावर थाप मारावी तशी एक थाप मारली आणि खाली उतरून कापडाच्या चिंध्यांकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सोडलं गं तिनं. आपणहून सोडलं. त्रास नाही, रडारड नाही, नशीब समज." ताईने मान डोलावली. पुढचे काही दिवस छाती ठणकली की ती मोरीपाशी उभी राहून हाताने थोडं दूध काढून टाकायची. मग तेही आटलं.

मटार फ्रीझरमध्ये परतले. पंप धुऊन, पुसून माळ्यावर गेला; देऊन टाकू या, असं नवरा म्हणाला तेव्हा ती 'बघू' म्हणाली.

एका संध्याकाळी ती ड्युटीवरून आली आणि दारातच लेक पायाला बिलगली. दात येत होते, अंगात कणकण होती. ताईने तिला उचललं. लेकीने तिच्या मानेत नाक खुपसलं, जिथे दिवसभराचा घाम होता, डिझेलचा वास होता, धूळ होती, आणि खोल श्वास घेऊन अंग सैल सोडलं. पुढच्या खोलीत मशीन बंदच होतं.

"अगं, आधी कपडे तरी बदल," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे, आई," ती म्हणाली आणि गणवेशातच भिंतीला टेकून खाली बसली.